सहा तासांचा सोहळा आणि एक तबकडी

(सुवर्णमहोत्सवाच्या तयारीसभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या जुन्या सोहळ्यांच्या व्हीएचएस फिती संगणकांत उतरवून झाल्या, ही आनंदाची वार्ता आहे. त्या सर्व मिळून सहा तासांच्या भरतात. आतां समितीचा आग्रह असा कीं, हें सर्व एकाच डीव्हीडींत बसवावें व घरोघरीं एकेक तबकडी द्यावी. हेतु उत्तम, परंतु आधीं हिशेब मांडून पाहणें अवश्य आहे.

नेहमींच्या एकथरी तबकडीवर ४.७ गिगाबाइट, म्हणजे ४७० कोटी बाइट, मावतात. (संगणक हीच जागा ४.३८ दाखवितो, कारण तो १०२४ च्या पटीनें मोजतो. दुकानदारास व्यर्थ दोष देऊं नये.) एका बाइटाचे ८ बिट, तेव्हां एकंदर ३,७६० कोटी बिट झाले. दोन तासांच्या ७,२०० सेकंदांनीं ह्यास भागिलें असतां दर सेकंदाच्या वांट्यास सुमारें ५२ लाख बिट येतात. सहा तासांस तोच वांटा १७ लाखांवर उतरतो.

कित्येकांचा समज असा कीं, संगणकांतील फाइल लहान, तर तबकडीवरहि ती लहानच राहील. तसें होत नाहीं. डीव्हीडीला एमपेग-२ पद्धतीचें चित्र लागतें. ती पद्धत जुनी व जागा फार घेणारी. रूपांतरानंतरचा आकार मूळ फाइलीवर अवलंबून नसून, सेकंदांची संख्या व दर सेकंदाचे बिट ह्यांच्या गुणाकारावर असतो.

आणि बिट अपुरे पडले म्हणजे? वेदीसमोर स्तब्ध उभा असलेला धर्मगुरू नीट दिसतो, कारण तेथें क्षणोक्षणीं फारसें बदलत नाहीं. परंतु मिरवणूक चालूं लागली, मेणबत्त्यांच्या ज्योती हालूं लागल्या, कीं चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. आणि लोक पाहणार ती मिरवणूकच! लाल लुगडें नेसून चालणाऱ्या ज्या वृद्ध माता आज आपल्यांत नाहींत, त्यांपैकीं कित्येकींचें चालतें-बोलतें चित्र ह्या फितींखेरीज कोठेंहि नाहीं. त्यांच्या मुखांचे चौकोन करून नातवंडांच्या हातीं द्यावे काय?

म्हणून माझी सूचना अशी. मिरवणुका, प्रथम कम्युनियन व सणाची मिस्सा मिळून दोन तास होतात. त्यांची एक स्वतंत्र तबकडी करून ती सर्व घरीं द्यावी. ध्वनि मात्र कच्चा ठेवूं नये. तो एकटाच दर सेकंदास १५ लाख बिट खातो, आणि डॉल्बी पद्धतीनें दोन लाखांत काम भागतें. रूपांतर दोन फेऱ्यांत करावें: पहिल्या फेरींत संगणक चित्र नुसतें तपासतो, दुसरींत हालचालीच्या जागीं बिट अधिक देतो.

उरलेले चार तास भाषणांचे व प्रवचनांचे. भाषणांस गति बेताचीच असते, हें मी आदरानेंच म्हणतों; तीं दुसऱ्या तबकडींत २६ लाखांत खुशाल राहतील. तेथें चित्राची रुंदी ७२० बिंदूंऐवजीं ३५२ ठेवावी. व्हीएचएसमध्यें मुळांतच तपशील थोडा असल्यानें तोटा अल्प होतो. माझीं प्रवचनेंहि तींतच घालावीं.

मूळ फाइली दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर, दोन निरनिराळ्या ठिकाणीं असाव्या. घरीं लिहिलेल्या तबकडीचा रंग उष्णतेनें व दमट हवेनें विटतो. पहिली प्रत एखाद्याच्या जुन्या यंत्रावर शेवटपर्यंत चालवून पाहावी व मगच बाकीच्या कराव्या. भाषणांची तबकडी ज्यांस हवी, त्यांनीं रविवारच्या मिस्सेनंतर कार्यालयांत नांव नोंदवावें.