मोटारींच्या बॉडी-दुरुस्तीचा उद्योग : मागणी आणि बाजारपेठ



तालुक्याच्या कोणत्याही गावी एस. टी. स्थानकामागच्या रस्त्याने सकाळी निघावे, तर पत्र्यावर पडणारा हातोडीचा ठोका कानी येतोच. पोचा काढणे, जोड देणे, पुट्टी भरणे, ती घासणे आणि शेवटी रंग फवारणे, या सर्व कामाला बाजारात ‘डेंटिंग-पेंटिंग’ असे नाव आहे. इंजिन सुधारणारा मेकॅनिक वेगळा आणि हा कारागीर वेगळा. त्याच्या हातचे काम सर्वांच्या नजरेस पडते. परंतु त्याच्या धंद्याचे अर्थकारण मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही.

एके काळी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी आणि तिच्या जोडीची अँबॅसडर याच गाड्या रस्त्यावर प्रामुख्याने दिसत. त्यांचा पत्रा जाड असे. तो ठोकून सरळ करता येई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या दारी मोटार उभी राहू लागली. पुढे पत्रा पातळ झाला, बंपर प्लॅस्टिकचे झाले आणि ठोकून सुधारण्याऐवजी भागच बदलण्याची रीत रूढ झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिच्याबरोबर एका पिढीचे कसबही मागे पडले.

गाड्या वाढल्या, तेव्हा काम वाढले, असा समज साहजिक आहे. तो अर्धाच खरा आहे. या धंद्यातील मागणीचे दोन प्रवाह आहेत. मोठ्या अपघातातील गाडी विमा कंपनीच्या खर्चाने दुरुस्त होते. ती बहुधा उत्पादकाच्या अधिकृत कार्यशाळेत जाते, कारण तेथे विमा कंपनी बिल परस्पर भागवते आणि मालकाला सर्व रक्कम आधी उभी करावी लागत नाही. लहानसहान पोचे व ओरखडे मात्र रोखीने, रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये निघतात.

असे का घडते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सलग पाच वर्षे दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटी असलेल्या हप्त्यात ५० टक्के सवलत मिळते. समजा, हा हप्ता १२,००० रुपये आहे. म्हणजे सवलत ६,००० रुपयांची झाली. दाराला पोचा पडला आणि खर्च ४,००० रुपये आला. दावा केल्यास लहान गाडीच्या मालकाला पहिले १,००० रुपये स्वतःच सोसावे लागतात. त्यातच सर्वसाधारण पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. म्हणजे हाती पडणार फार तर ३,००० रुपये आणि पुढील वर्षी गमवायचे ६,००० रुपये! शहाणा मालक दावा करीत नाही. तो ओळखीच्या कारागिराकडे जातो. लहान गॅरेजचा संसार या हिशेबावर उभा आहे.

ग्रामीण भागात या मागणीला आणखी एक आधार आहे. टेंपो, रिक्षा, जीप अशा व्यावसायिक वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ‘पासिंग’पूर्वी गंजलेला पत्रा बदलणे आणि रंग देणे ओघानेच येते. कोकणच्या खाऱ्या हवेत तर गंज स्वस्थ बसू देत नाही.

परंतु या कारागिरापुढील अडचणीही लहान नाहीत. पहिली सुट्या भागांची. कंपन्या मूळ भाग व तांत्रिक माहिती खुल्या बाजारात देत नाहीत, अशा तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५०० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्याविरुद्ध कंपन्यांनी दाद मागितली. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर सरसकट १८ टक्के झाला. पूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. तेवढा दिलासा ग्राहक आणि कारागीर दोघांनाही लाभला.

दुसरी अडचण ज्ञानाची. नव्या गाड्यांच्या सांगाड्यात उच्च ताकदीचे पोलाद असते. ते गॅसच्या ज्योतीने तापविल्यास त्याचे बळ नाहीसे होते. वरून गाडी सुबक दिसते. पुढच्या अपघातात मात्र आत बसलेल्यांचे रक्षण होत नाही. बंपरमागे संवेदक असतात, विजेवरील गाडीत उच्च दाबाची बॅटरी असते. हे केवळ उस्तादाच्या हाताखाली राहून समजणारे नव्हे.

तिसरी अडचण प्रकृतीची. दोन घटक मिसळून वापरल्या जाणाऱ्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने दम्याचा विकार जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल तो अडवीत नाही. योग्य श्वसन-मुखवटा व हवेशीर जागा हवी. साध्या शेडमध्ये काम करणाऱ्या पोराच्या मजुरीत या किमतीचा हिशेब कोठेच धरलेला नसतो.

या तिन्ही अडचणींवर उपाय अशक्य नाहीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत बॉडी-दुरुस्ती व बॉडी-रंगकाम हे स्वतंत्र व्यवसाय आहेत. जिल्हा उद्योग केंद्रामार्फत राबविल्या जाणाऱ्या, २०१९ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. शिक्षकांनी दहावीनंतरच्या मार्गदर्शनात या व्यवसायांचा उल्लेख करावा, आणि पंचायत सदस्यांनी गावातील गॅरेजवाल्याला उद्योग केंद्राची वाट दाखवावी.

या धंद्याची भरभराट अपघातांच्या वाढीतून व्हावी, असे कोणीही म्हणणार नाही. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. अपघात कमी व्हावेत आणि तरीही कारागिराच्या हाताला काम राहावे, हे कामाचा दर्जा वाढल्यानेच साधेल. पोचा काढणारा हात गाडीचे रूपच नव्हे, तर आतल्या माणसाचा जीवही सांभाळत असतो. त्या हाताला शिक्षण, साधन आणि शुद्ध हवा मिळवून देणे, हे समाजाचे व शासनाचे समान कर्तव्य आहे.