गाडीच्या पोटाखालचं काम



संयोजकांनी प्रत्येकाला पाच मिनिटं आणि ‘निवृत्तीनंतर काय करतोस’ हा विषय दिला आहे. मी जुन्या गाड्यांची पोटं साफ करतो. वरून चकचकीत करणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या वाटेला मी जात नाही. शिवाय सकाळपासून निदान दहा जणांनी विचारलं, की पत्रिकेत छापल्याप्रमाणे सर आणि बाई फियाटमधून न येता रिक्षातून का आले? ती फियाट तीन आठवडे माझ्याकडे होती आणि ‘नको’ मीच म्हटलं. तेव्हा उत्तरही मलाच द्यायला हवं.

गाडी तुमच्या ओळखीची आहे. आपल्याच एका वर्गमित्राच्या वडिलांची, १९६७ ची फियाट ११०० डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली. हीच गाडी पुढे थोड्याफार फरकाने पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून धावली. गेली काही वर्षं ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पत्र्याच्या शेडमध्ये मातीच्या जमिनीवर उभी होती. संमेलनासाठी मित्राने तिला नवा रंग दिला, सीटांना नवी कव्हरं घातली. दिसायला नवरीच!

पण या गाडीची एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते. वरचा पत्रा सडला तरी ती जाड चौकट भार पेलते. फियाटला अशी वेगळी चौकट नाही. खालचा पत्रा, दारांखालच्या पेट्या आणि वरचा सांगाडा मिळून सगळा भार घेतात. म्हणजे हिचं पोट हाच हिचा कणा.

आता विज्ञानाचे सर समोर बसलेत म्हणून सांगतो. सर, तुम्ही तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवले होते. एकीत साधं पाणी, दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कॅल्शियम क्लोराइड टाकून कोरडी केलेली हवा. गंजला फक्त पहिल्या नळीतला. आम्ही सगळ्यांनी आकृती काढून मार्क घेतले. पण दुसऱ्या नळीत तेलाने काम केलं ते पाणी आधी उकळून त्यातली हवा काढली होती म्हणून. आपल्याकडे गाडीच्या पोटाला डांबरासारखं काळं कोटिंग मारतात, ते बहुधा ओल्या, गंजलेल्या पत्र्यावरच. मग आतली ओल आतच राहते, त्यात खाऱ्या वाऱ्याचं मीठ. बाहेरून सगळं काळंभोर आणि आत गंज चालूच. जुन्या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान या कोटिंगनेच केलं, असं माझं मत आहे.

म्हणून मी गाडी आली की आधी पाण्याचा पाइप लावत नाही. सपाट फरशीवर चार घोड्यांवर गाडी चढवायची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीसुद्धा शिरायचं नाही. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण गंजाची खपली नेमकी डोळ्यात पडते. मग कोरडा चिखल लाकडी पाचरीने काढायचा. चिखल कुठे साठलाय तेच सांगतो की ओल कुठे राहते. चाकाच्या कमानीचा वरचा काठ आणि दारांखालच्या पेट्यांची टोकं ही ठरलेली ठिकाणं. पेट्यांना पाणी निथळायला बारीक भोकं असतात, ती बुजलेली असतात. तार घालून मोकळी करायची.

त्यानंतर बेताच्या दाबाने पाणी. सर्व्हिसिंग सेंटरचा फवारा नको, तो सांध्यांत आणि बेअरिंगमध्ये पाणी घालतो. ग्रीसचे थर डिझेल लावलेल्या ब्रशने, पण रबरी बुश आणि ब्रेकचे होज सांभाळून. ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकायची नाही, हवाही मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसायची. मग दोन दिवस कडक ऊन.

आणि मग खरं काम. पटाशी, तारेचा ब्रश आणि छोटी हातोडी. हातोडीने वीत-वीत अंतरावर ठोकत जायचं. चांगला पत्रा टण वाजतो, सडलेला थप्प. या गाडीत डावीकडे, मागच्या कमानपाट्याचं पुढचं टोक जिथे बॉडीला धरलेलं असतं, तिथे थप्प वाजलं. पटाशी लावली तर कोटिंग पापडासारखं निघालं. आत पॅचवर पॅच आणि मध्ये चक्क लांबी भरलेली. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. मागच्या ॲक्सलचा भार त्या जागेवर येतो. शिवाय ब्रेकच्या लोखंडी पाइपला खड्डे पडले होते. या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकना एकच सर्किट. पाइप एका जागी फुटला की पेडल तळाला जातं.

मित्र म्हणाला, “अरे, एक किलोमीटर, तेही चालण्याच्या वेगाने. काय होणार आहे?” त्याचं मन मला कळत होतं. त्या गाडीत बाईंना बसवून आणायचं हे त्याच्या वडिलांच्या मनात होतं. पण मागच्या सीटवर पंचाहत्तरी ओलांडलेले तिघं आणि शाळेचा उतार तुम्हाला माहीत आहे. मी किल्ली दिली नाही. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः गाडीखाली शिरला, हातोडी मारून बघितली आणि रिक्षा ठरवायला गेला.

पुढचं काम सरळ आहे, फक्त घाई चालणार नाही. पेट्रोलची टाकी उतरवून मगच वेल्डिंग. सडलेलं कापून त्याच जाडीचा पत्रा, त्याच आकारात. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो, पण सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणून जाड चॅनेल ठोकून मोकळं व्हा, हा सल्ला आम्ही ऐकणार नाही. पेट्यांच्या आत मेण, बाहेर रेड ऑक्साइड, आणि कोटिंग अगदी शेवटी, उघड्या सुक्या पत्र्यावर.

गाडी माझ्या अंगणात घोड्यांवर आहे. बघायची असेल त्यांनी उद्या सकाळी या. येताना जुना शर्ट घाला.