काट्याचा सूर आणि कानाचा सूर

सूर मोजणारे विजेचे यंत्र हाती आले की पियानो लावण्यास कानाची गरज उरत नाही, असा आमचाही समज होता. घरच्या छोट्या पियानोचा मधला धैवत आम्ही सेकंदास ४४० कंपनांवर आणि त्याच्या वरच्या सप्तकातला बरोबर ८८० वर लावला. काटा मध्यावर स्थिर! पण दोन्ही पट्ट्या एकदम दाबताच सुरात लाट उठू लागली. असे का व्हावे? छोट्या पियानोच्या तारा आखूड, म्हणून ताठर; त्यांचे उपस्वर गणितापेक्षा किंचित चढे निघतात. तेव्हा वरचे सप्तक अंमळ चढवूनच लावावे लागते. हल्लीची काही यंत्रे हा चढही मोजतात. तरी किल्ली खाली ठेवण्यापूर्वी दोन्ही पट्ट्या दाबून आम्ही कानाचा कौल घेतोच.