होडीवरची गोड्या पाण्याची टाकी : बसवावी कशी, भरावी कशी

आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, होडी पाण्यातच चालते, मग तिच्यावर पाणी कसलं भरायचं? आमच्याकडे एक वडीलधारे काका असंच म्हणायचे, "पानी हाय ते, त्यान काय बगायचा?" पण काल्हेर, कशेळी, कोन, अंजूर इथल्या ज्या माणसांनी खाडीत रात्र काढली आहे, त्यांना हा प्रश्न पडत नाही. भोवती डोळा पोचेल तिथवर पाणी, आणि घशाला कोरड. खारं पाणी पिऊन तहान भागत नाही, उलट वाढते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. ते मीठ लघवीवाटे बाहेर टाकायला शरीराला त्याहून जास्त पाणी खर्च करावं लागतं. म्हणजे प्यालो एक लिटर आणि गेलं त्याच्यापेक्षा अधिक.

मी कामतघरचा. घराजवळ वऱ्हाळादेवीचा तलाव, त्यामुळे लहानपणी पाण्याची चणचण अशी जाणवली नाही. पाण्याची किंमत कळली ती मामाच्या होडीवर. गोष्ट १९९४ च्या मे महिन्यातली. मामाची जुनी टाकी फुटली होती. भिवंडीत भंगाराच्या दुकानांना तोटा नाही. तिथून आम्ही एक निळं प्लॅस्टिकचं पिंप स्वस्तात आणलं. साबणाने घासलं, चार वेळा विसळलं, उन्हात वाळवलं आणि भरून होडीवर चढवलं. पाण्याला किंचित कडवट वास होता. आम्ही समजलो, प्लॅस्टिकचा वास असेल. दुपारपर्यंत तिघांना मळमळ सुरू झाली, मग उलट्या, मग चक्कर. आणि नेमकी ओहोटी लागलेली. होडी चिखलात बसली. किनारा डोळ्यांसमोर दिसतोय, पण मांडीभर गाळातून आजारी माणूस न्यायचा कसा? भरती येईपर्यंत पाच तास आम्ही तसेच उन्हात पडून राहिलो, आणि प्यायला होतं ते तेच पिंपातलं पाणी. तिघंही वाचले, पण धाकट्या मामेभावाला आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या पिंपात आधी काय होतं, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणून पहिली गोष्ट टाकीचीच सांगतो. आपल्या भागात गोदामं, रंगाचे आणि सायझिंगचे कारखाने पुष्कळ. त्यांच्याकडची रिकामी पिंपं बाजारात येतात, दिसायला मजबूत असतात, आणि भावही परवडतो. पण प्लॅस्टिक आतला माल थोडा थोडा शोषून घेतं. बाहेरून कितीही धुतलं तरी आत मुरलेलं रसायन पुढे महिनोन्महिने पाण्यात उतरत राहतं. काही जण पिंपाच्या बुडाखालचा त्रिकोणातला आकडा दाखवतात आणि म्हणतात, बघा, चांगलं प्लॅस्टिक आहे. तो आकडा प्लॅस्टिकची जात सांगतो, आत काय भरलं होतं ते सांगत नाही. तेव्हा पिण्याच्या पाण्यासाठी नवीनच टाकी घ्या, खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी केलेली. पेला आणि काटा-चमच्याचं चिन्ह असेल तर उत्तम. जुनं पिंप जाळी धुवायला वापरा, प्यायला नको. पत्र्याची टाकी खाऱ्या हवेत लवकर गंजते. स्टेनलेस स्टील चांगलं, पण लहान होडीला त्याचा खर्च झेपत नाही.

आता किती पाणी लागेल? उन्हाळ्यात जाळं ओढणाऱ्या माणसाला नुसतं प्यायला दिवसाला ४ लिटर धरा. भात, चहा, चूळ भरणं याला आणखी ३ लिटर. चार माणसं, दोन दिवस, म्हणजे ५६ लिटर झाले. पण खाडीत आणि समुद्रात माणूस ठरल्या वेळी परत येतोच असं नाही. इंजिन बंद पडतं, वारा फिरतो, ओहोटी अडवते. म्हणून निम्मं आणखी धरायचं. ८४ लिटर. सरळ १०० लिटरची सोय करावी.

ही सोय एका मोठ्या टाकीत करू नका. ५०-५० लिटरच्या दोन टाक्या घ्या. याची दोन कारणं आहेत. एक, एका टाकीतलं पाणी बिघडलं किंवा तोटी तुटून वाहून गेलं तर दुसरी शिल्लक राहते. आमच्याजवळ त्या दिवशी दुसरी टाकी असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. दुसरं कारण होडीच्या तोलाचं आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. १०० लिटर म्हणजे जवळजवळ दीड माणूस. पण माणूस होडी कलली की स्वतःला सावरतो, पाणी मात्र ज्या बाजूला होडी कलली त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. अर्धी भरलेली रुंद टाकी या बाबतीत सगळ्यांत वाईट. काठोकाठ भरलेल्या टाकीत पाणी हिंदकळत नाही, रिकाम्या टाकीत हिंदकळायला काही नसतं. म्हणून आधी एक टाकी पूर्ण संपवायची, मगच दुसरीला हात लावायचा. दोन्हींतून थोडं थोडं काढत बसू नये. टाकी अरुंद आणि लांबट असली तर आणखी चांगलं. तिची लांब बाजू होडीच्या लांबीला धरून ठेवायची, आडवी नाही.

जागा म्हणाल तर होडीच्या मध्यावर, अगदी तळाशी, कण्याच्या रेषेत एकामागे एक. फळीवर उंच ठेवली तर भरायला सोपी जाते हे खरं, पण लाटेत तोच भार वर येतो आणि होडी डोलायला लागते. टाकीखाली रबराचा तुकडा किंवा जुनं गोणपाट चौपदरी घालून ठेवा, नाहीतर फळीच्या खिळ्यावर घासून घासून भोक पडतं. दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोका आणि वरून नायलॉनच्या पट्टीने आवळा. नुसती दोरी बांधली तर ती सैल पडू शकते. बांधल्यावर टाकीला खांदा लावून जोरात ढकलून बघा. हलली तर पुन्हा बांधा.

इंजिन आणि डिझेलपासून पाण्याची टाकी दूर ठेवायची. पाणी पुढे, डिझेल मागे. दोन्हींच्या नळ्या, नरसाळी, डबे वेगळे हवेत. शक्य तर रंगही वेगळा ठेवा, म्हणजे अंधारात चूक होत नाही. तुम्ही म्हणाल, एवढी काळजी कशाला? नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी २०१२-१३ साली मुंबईहून निघून कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्यांची 'म्हादेई' ही शिडाची नौका आपल्या शेजारच्या गोव्यात बांधलेली. त्या प्रवासात त्यांच्याही पाण्याच्या साठ्यात डिझेल मिसळलं होतं. एवढ्या तयारीच्या नौकेवर हे घडतं, तर आपल्या होडीवर का घडणार नाही?

टाकीचं झाकण घट्ट बसणारं, रबरी चकती असलेलं घ्या. पण झाकण घट्ट असलं की हवेला वाट लागते. नाहीतर भरताना पाणी उसळून अंगावर येतं आणि काढताना तोटी थेंब थेंब गळते. त्यासाठी वरच्या अंगाला बोटाएवढी नळी बसवा आणि तिचं तोंड छत्रीच्या मुठीसारखं खाली वळवा. त्या तोंडावर बारीक जाळी बांधा. म्हणजे लाटेचे शिंतोडे आत जात नाहीत, झुरळही जात नाही. तोटी अगदी बुडाशी नको, दोन बोटं वर ठेवा. खालच्या दोन बोटांत गाळ बसतो, तो तिथेच राहू द्यावा. बुडाशी एक वेगळी गुडदी ठेवली की गाळ काढता येतो. आणि हो, टाकीत पेला बुडवून पाणी काढायची सवय सोडा. हातावरची मासळीची घाण त्या पेल्याबरोबर आत जाते. पांढऱ्या, उजेड आत जाणाऱ्या टाकीवर गोणपाट टाका, नाहीतर उन्हाने शेवाळ धरतं.

नवी टाकीसुद्धा आणल्याबरोबर भरू नये. ब्रशने आतून धुवा. मग १०० लिटर पाण्यात १५ ग्रॅम टीसीएल पावडर, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, या हिशेबाने दोन्ही टाक्या काठोकाठ भरून रात्रभर ठेवा. सकाळी तोटीतून थोडं वाहू द्या, म्हणजे तोटीही धुतली जाते. हे पाणी पिण्याचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ते खाडीत ओतू नका, मासळीच्या पिल्लांना ते मारक आहे. काठावर मोकळ्या जमिनीवर सोडा. मग स्वच्छ पाण्याने दोनदा विसळा, वास जाईपर्यंत. हे काम दर पावसाळ्यानंतर, होडी पुन्हा पाण्यात लोटताना, एकदा करावं.

आता भरणं. पाणी कुठलं घ्यायचं? नळाचं, नाहीतर तपासलेल्या विहिरीचं. तलावाचं कच्चं पाणी नको. आमच्या वऱ्हाळादेवीच्या तलावाबद्दल मला माया आहे, पण तरीही त्यातून हंडा बुडवून थेट टाकीत ओतू नका. खाडीचं पाणी तर मुळीच नको. जुनी माणसं सांगतात की श्रावणात पूर आला की खाडीचं पाणी गोडसर लागायचं आणि ते प्यायचेसुद्धा. ते दिवस गेले. आता कामवारी नदीतून शहराचं सांडपाणी खाडीत येतं. चव गोड लागली तरी ते पाणी पिण्याचं होत नाही. खाडीजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तेव्हा एप्रिल-मेमध्ये दरवेळी चव घेऊनच भरा.

नळ उघडल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. नळीत रात्रभर साचलेलं पाणी असतं. भरायची नळी पिण्याच्या पाण्याचीच, पारदर्शक, वेगळी ठेवलेली असावी. तिची दोन्ही टोकं वापर झाल्यावर पिशवीत बांधून ठेवा. धक्क्यावरच्या चिखलात पडलेलं टोक तसंच टाकीत घालणारे लोक मी रोज बघतो. तोंडावर चौपदरी धुतलेलं फडकं बांधलं तर कचरा अडतो, पण जंतू अडत नाहीत, हे विसरू नका. जाळी चढवायच्या आधी पाणी भरा, आणि होडीच्या बाहेरच्या बाजूला पाण्याची रेघ कुठे येते तिथे रंगाची खूण करा. पुढे माल आणि माणसं चढल्यावर होडी किती दबली ते त्या खुणेवरून चटकन दिसतं.

भरलेल्या पाण्यात औषध किती घालायचं, यात फार गोंधळ होतो. १०० लिटरला पाव ग्रॅम टीसीएल पुरते, आणि पाव ग्रॅम हाताने मोजता येत नाही. म्हणून असं करा. ५ ग्रॅम पावडर सोनाराच्या काट्यावर मोजून घ्या, अंदाजाने नको. ती एक लिटर पाण्यात कालवा, अर्धा तास निवळू द्या. वरचं निवळ पाणी ५० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दहा चमचे, १०० लिटरला घाला. दोन टाक्या असतील तर प्रत्येकीत पाच चमचे. ढवळा, झाकण लावा आणि तासभर थांबा. द्रावण दरवेळी ताजं करा. पावडर उघडी राहिली की तिची ताकद उडते. तिला झोंबणारा वास नसेल तर ती फेकून द्या. आणि तिच्याजवळ फिनाईल किंवा ॲसिडची बाटली ठेवू नका, दोन्ही मिसळले तर विषारी वायू निघतो. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक ओटी चाचणी करून देतात. चार थेंब टाकले की पाणी पिवळसर दिसतं, म्हणजे औषध शिल्लक आहे. पहिल्या वेळी त्यांच्याकडून बघून घ्यायला लाज कसली?

होडीवर कुणाला उलट्या-जुलाब लागले तर एक लिटर चांगल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट देत राहा, आणि होडी किनाऱ्याला वळवा. ही साखर-मिठाची पुडी मामा आता टाकीच्या पट्टीलाच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बांधतो. त्या निळ्या पिंपाचे त्याने दोन तुकडे केले. एकात जाळी भिजत असतात, दुसरा उताणा करून त्यावर बसून तो जाळं विणतो.