मनाचे दुखणे

मंडळी, आज आम्ही स्वतःच्या आजाराची गोष्ट सांगणार आहोत. सांगताना लाज वाटते. पण लाजेपायीच आमची दीड वर्षे वाया गेली, म्हणून सांगतो.

आम्ही शाळेतून निवृत्त झालो, त्या साली धान चांगला पिकला होता. घरात कशाची ददात नव्हती. तरी मन कशात लागेना. रात्री तीनलाच जाग यायची. अन्न गोड लागेना. बांधीवर गेलो तर धुऱ्यावर नुसते बसून राहायचो. पुढे 'आपण नसलो तर बरे' असा विचार येऊ लागला.

पस्तीस वर्षे आम्ही पोरांना सांगत आलो, "मन घट्ट कर, सगळं जमतं." एका सहकारी गुरुजींना हेच दुखणे होते. त्यांना आम्ही चारचौघांत म्हटले होते, "ही रिकामपणाची सोंगं आहेत." आता आमचेच मन घट्ट होईना. ते गुरुजी आज हयात नाहीत. त्यांची माफी मागायची राहूनच गेली.

लोक म्हणाले, बाहेरचे काही असेल. झाडफूक झाली. एक कोंबडा गेला, दुखणे काही गेले नाही. शेवटी आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "ताप आला तर गोळी घेता ना? मग यालाच लाज कसली?" आणि एस.टी.त बसवून आम्हांला गोंदियाला डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "गुरुजी, हा नैराश्याचा आजार आहे. औषधाने बरा होतो."

ही औषधे फार जुनी नाहीत. १९५६ च्या सुमारास स्वित्झर्लंड देशात रोलंड कून नावाचे डॉक्टर एक नवे औषध दुसऱ्याच मनोरुग्णांना देऊन पाहत होते. त्यांना गुण येईना. पण तेच उदास रोग्यांना दिले, तर ते पुन्हा बोलू-चालू लागले. तिथून ही वाट निघाली.

गोळीचा गुण लगेच दिसत नाही. पऱ्हे टाकले की दुसऱ्या दिवशी रोवणा होतो काय? दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला तोंड कोरडे पडले, मळमळले. मग झोप लागू लागली. दोन महिन्यांत बरे वाटले, तेव्हा आम्ही शहाणपणा केला. गोळी परस्पर बंद केली! महिनाभरात पुन्हा अंथरूण धरले. डॉक्टर रागावले. बरे वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी घ्यायची, आणि सोडायची ती त्यांच्या सल्ल्याने, हळूहळू. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही.

मग निश्चय कामाचा नाही काय? आहे, पण त्याचे काम वेगळे. 'उदास होऊ नको' असे बजावून उदासी जात नाही. मात्र ठरल्या वेळी गोळी घेणे, नको वाटले तरी आंघोळ करणे, तलावाच्या पाळीपर्यंत चालून येणे, हे निश्चयाने होते. पहिल्या दिवशी आम्ही दारातल्या आंब्यापर्यंतच गेलो होतो.

ज्यांना गोंदियाला जाणे जमत नाही, त्यांनी १४४१६ या नंबरावर फोन करावा. सरकारने २०२२ साली ही सोय केली. पैसे पडत नाहीत, रात्रीही फोन घेतात, मराठीत बोलता येते. जीव नकोसा झाला असेल त्याने तर सकाळची वाट पाहू नये. घरच्या कोणाला तरी उठवावे आणि त्याच्या सोबतीने फोन करावा.

आमची गोळी सुटून आता दोन वर्षे झाली. डॉक्टरांची चिठ्ठी ट्रंकेत आहे. कोणाला पाहायची असेल त्याने घरी यावे. चहा होईल.