कैदेतल्या राजाचं गाणं



शाळेत असताना एकाच माणसाच्या दोन गोष्टी मी ऐकल्या. इतिहासाच्या तासाला गुरुजी सांगायचे, इंग्लंडचा राजा रिचर्ड एवढा शूर होता, की लोक त्याला ‘सिंहहृदयी’ म्हणत. घरी आजोबा सांगायचे ती गोष्ट सुलतान सलाहुद्दीनची. समोरच्या छावणीत शत्रू तापानं फणफणला, तेव्हा सुलतानानं त्याच्यासाठी फळं आणि डोंगरावरचा बर्फ पाठवला. तो आजारी शत्रू म्हणजे गुरुजींचाच रिचर्ड, हे कळायला मला काही वर्षं लागली. आणि तो गाणी रचायचा, हे कळलं तेव्हा तर मी पन्नाशीच्या आसपास आलो होतो.

एका मित्रानं जुन्या युरोपीय संगीताची एक सीडी दिली होती. तीत रिचर्डनं कैदेत रचलेलं गाणं होतं. शब्द आठशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंचमधले, मला एकही कळेना. चाल मात्र साधी, आपल्याशीच बोलल्यासारखी. पण एक गोष्ट कानाला लगेच जाणवली. प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ आखूड होती आणि ती एकाच शब्दावर येऊन थांबत होती. आपल्या गझलेत रदीफ येतो ना, तसा. पुढं अर्थ शोधला. तो शब्द होता ‘कैदेत’.

रिचर्डचा जन्म ११५७ चा. तो इंग्लंडच्या गादीवर आला ११८९ मध्ये, पण राजा म्हणून इंग्लंडमध्ये राहिला जेमतेम सहा महिने. त्याची आई एलेनॉर दक्षिण फ्रान्समधल्या अ‍ॅक्विटेनची. तिचे आजोबा विल्यम हे त्या भागातले, आज नाव माहीत असलेले पहिले कवी-गायक. तेव्हा गाणं त्याच्याकडे आजोळाकडून आलेलं. इंग्लंडचा राजा, पण गाणं रचलं फ्रेंचमध्ये. मला अजूनही कुणीतरी विचारतं, ‘तुम्ही मुसलमान, मग कविता मराठीत कशी?’ ज्या बोलीत आईनं निजवलं तिच्यातच माणूस कण्हतो, एवढंच माझं उत्तर असतं. त्या राजाचंही बहुधा तेच असावं.

धर्मयुद्धावरून परत येताना, डिसेंबर ११९२ मध्ये, व्हिएन्नाजवळ ऑस्ट्रियाच्या लिओपोल्डनं त्याला पकडलं. लिओपोल्डनं पुढं त्याला जर्मन सम्राटाच्या हवाली केलं. सुटकेची किंमत ठरली दीड लाख मार्क चांदी. इंग्लंडमध्ये लोकांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा कर म्हणून मागितला गेला, चर्चमधली चांदीची भांडीही गेली. सत्तरीची आई स्वतः जर्मनीला गेली. फेब्रुवारी ११९४ मध्ये राजा सुटला. त्याचं गाणं या वाट पाहण्यातलं आहे. मित्र पुष्कळ आहेत, पण हात आखडते. दोन हिवाळे गेले, तरी मी इथेच. अशी ती तक्रार. शेवटी त्यानं आपल्या सावत्र बहिणीला, शॅम्पेनच्या मारीला, हाक मारली आहे.

या कैदेवर पुढं किती संगीत रचलं गेलं! तेराव्या शतकातच एक दंतकथा जन्माला आली. ब्लोंदेल नावाचा गायक गावोगावचे किल्ले धुंडाळत फिरला, एका भिंतीखाली दोघांच्या ओळखीचं गाणं गायला आणि आतून राजानं ते पुढं गायलं. खरं तर राजा पकडल्याची बातमी सम्राटानं पत्र लिहून फ्रान्सच्या राजाला तेव्हाच कळवली होती. पण लोकांना पत्रापेक्षा गाणं आवडलं. याच कथेवर ग्रेत्री या संगीतकारानं १७८४ मध्ये पॅरिसला ऑपेरा केला. त्यातला ब्लोंदेल आंधळ्याचं सोंग घेऊन व्हायोलिन वाजवतो आणि ओळखीची ती एक धून ऑपेराभर पुन्हा पुन्हा येते. तरुण बेथोवननं पुढं तिच्यावर पियानोसाठी आठ रूपं रचली.

त्याच ऑपेरात, सगळ्यांनी टाकलेल्या राजाविषयी एका निष्ठावंताचं गाणं आहे. १ ऑक्टोबर १७८९ रोजी व्हर्सायच्या मेजवानीत राजाच्या अंगरक्षकांनी ते गायलं. बातमी भुकेल्या पॅरिसमध्ये पोचली आणि चारच दिवसांनी तिथल्या बायका भाकरी मागत व्हर्सायवर चालून गेल्या. नंतर सोळावा लुई खराच कैदी झाला. त्याच्यासाठी कुणी खंडणी घेऊन आलं नाही.

आता मला ज्यानं अडवलं, ते सांगतो. पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावर अक्का नावाचं बंदर आहे. जुलै ११९१ मध्ये ते रिचर्डच्या हाती आलं. तिथले सैनिक त्यानं ओलीस ठेवले. त्यांच्याही सुटकेची रक्कम ठरली होती, तीही यायला उशीर झाला. २० ऑगस्टला रिचर्डनं सुमारे २,७०० कैदी, हात बांधलेले, कापून काढले. हे वाचल्यावर मी ती सीडी कपाटात ठेवून दिली. खंडणीला उशीर झाला म्हणून इतकी माणसं मारणारा, स्वतःच्या खंडणीला उशीर झाला तेव्हा गाणं रचतो. त्या गाण्यासाठी डोळे कसे ओले करायचे?

मग इब्न अल-असीर या अरब इतिहासकाराच्या बखरीत एक प्रसंग सापडला. तो त्याच काळातला, म्हणजे शत्रुपक्षाचा माणूस. कत्तलीनंतर वाटाघाटी चालू असताना रिचर्डनं सलाहुद्दीनच्या भावाला, अल-आदिलला म्हटलं, ‘मला तुमच्याकडचं गाणं ऐकायचंय.’ हार्पसारखं वाद्य वाजवणारी एक गायिका आणली गेली. तिनं गायलं, ते राजाला आवडलं. तिचं नाव बखरीत नाही. अक्काच्या मैदानावर पडलेल्यांतलं तिचं कुणी होतं का, तेही नाही.

राजाच्या पदरी ब्लोंदेल असतो, ग्रेत्री असतो, बेथोवन असतो. त्या २,७०० जणांनीही कोठडीत काहीतरी गुणगुणलं असेलच. ते लिहून घ्यायला कुणी नव्हतं.

सीडी मी परत बाहेर काढली. राजाला माफ केलं म्हणून नव्हे, तो अधिकार मला नाही. पण कैद म्हणजे काय, हे त्या गाण्यात खरं उतरलं आहे. कडवं संपतं, तो एक शब्द येतो. आता तो मला एकट्या राजाचा वाटत नाही.