न्यूयॉर्कचं घड्याळ आणि आपला लिलाव

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या बैठकीत आज घड्याळाचं काय काढलं, असं काहींच्या मनात येईल. येऊ द्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आपल्याकडे वेचणीची घाई असते. त्याच दिवशी पहाटे अमेरिकेत घड्याळ एक तास मागं करतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा एक तास पुढं. २००७ पासून कायद्यानं याच तारखा आहेत. आपलं घड्याळ बारा महिने एकच. म्हणून न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागं, हिवाळ्यात साडेदहा तास मागं.

हा एक तास आपल्या पऱ्हाटीपर्यंत कसा पोचतो ते बघा. जगातले रुईवाले ज्या वायद्याकडे बघून भाव बोलतात, तो न्यूयॉर्कचा. तिथं आता सगळी बोली कॉम्प्युटरवर, म्हणजे ऑनलाइन लिलावच. तो तिथल्या दुपारी २ वाजून २० मिनिटांनी थांबतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे ११:५० आणि हिवाळ्यात १२:५० झालेले असतात. पुन्हा सुरू होतो तो उन्हाळ्यात सकाळी ६:३० ला, हिवाळ्यात ७:३० ला. अमेरिकेचं शेती खातं दर महिन्याला जगातल्या पिकाचा अंदाज जाहीर करतं, तो तिथल्या दुपारी बाराला. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री ९:३०, आणि ऐन कापसाच्या हंगामात १०:३०. आपण निजलेलो असतो तेव्हा भाव हलतो.

सकाळी आपण गाडी घेऊन यार्डात जातो. समोरच्या व्यापाऱ्याच्या खिशात रात्रीचा बंद भाव असतो, सकाळचा उघडलेला भावही असतो. यात त्याचा काही गुन्हा नाही, धंदाच तो आहे. पण विकणाऱ्याला तो भाव का ठाऊक नसावा?

हिशेब अवघड नाही. न्यूयॉर्कचा भाव एका पौंड रुईला इतके सेंट, असा असतो. क्विंटलभर कापसात ३४ किलो रुई धरा, म्हणजे ७५ पौंड. तिथं भाव एक सेंट हलला की इथं ७५ सेंट, पाऊण डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर क्विंटलमागं ६४ रुपये. सरकीचा भाव वेगळा, जिनिंगचा खर्च वेगळा. रात्रीत तीन सेंट वर गेले आणि तुम्ही कालच्याच भावाला हो म्हणालात, तर वीस क्विंटलवर चार हजारांच्या आसपास गेले. अर्थात तिथला प्रत्येक सेंट इथं जसाच्या तसा उतरत नाही. पण उतरताना तो लवकर उतरतो आणि चढताना रेंगाळतो, हे आपण सगळे बघतो.

ज्वारीला या घड्याळाचं काही देणंघेणं नाही. २०१६ पासूनच्या ई-नामवरचा लिलावही आपल्याच वेळेनं चालतो. मात्र उद्या तुमच्या शेतकरी कंपनीनं परदेशी खरेदीदाराच्या ऑनलाइन बोलीत गाठी लावल्या आणि कागदावर नुसतं 'न्यूयॉर्क वेळ' लिहिलेलं असेल, तर बोली कधी बंद होणार ते भारतीय वेळेत लिहून मागा. युरोपचं घड्याळ आणखी वेगळ्या रविवारी फिरतं, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या. मधल्या दिवसांत भल्याभल्यांचा घोळ होतो.

आणि हे घड्याळ शेतकऱ्यांसाठी फिरवतात, असं कुणी सांगितलं तर मानू नका. अमेरिकेत १९१८ साली महायुद्धात हा कायदा झाला. शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. गवतावरचं दव काट्याकडे बघून वाळत नाही, गाय काट्याकडे बघून पान्हा सोडत नाही, आणि मजूर मात्र घड्याळाच्या ठोक्याला घरी जातो! १९१९ मध्ये अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार झुगारून संसदेनं तो कायदा रद्द केला. न्यूयॉर्क शहरानं आपल्यापुरता तो चालूच ठेवला. बाजारवाल्यांना लंडनच्या बाजाराशी तास जुळवायचे होते. आपल्या मुंबईतही सोन्याचांदीचे वायदे अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे कधी रात्री ११:३० ला, कधी ११:५५ ला बंद होतात. बाजारासाठी घड्याळ हलतं.

म्हणून बाजार समितीकडे मागणी एवढीच. कापसाचा हर्रास सुरू होण्याआधी फाटकावर फळा लावा. त्यावर न्यूयॉर्कचा रात्रीचा बंद भाव, डॉलरचा भाव आणि सरकीचा भाव, तिन्ही खडूनं लिहा. निवेदन तयार आहे. जाताना तालुकाप्रमुखांकडे सह्या करून जा.